गतिरोधक पाहिजे, पण माझ्या दारात नको

कोपऱ्यावरचा | सोमवार, रात्री ९.४०
नमस्कार मंडळी. आमची कॉलनी कोल्हापूरच्या उपनगरात आहे. नाव मुद्दाम लिहीत नाही, नाहीतर उद्या सकाळी दारात माणसं उभी राहतील. कॉलनीचा रस्ता ९ मीटरचा. एका टोकाला प्राथमिक शाळा, दुसऱ्या टोकाला मोठा रस्ता. तिथला सिग्नल चुकवायला गेली दोन वर्षं सगळी गाडीवाली पोरं आमच्यातनं घुसतात. माझं घर बरोबर कोपऱ्यावर. करकचून ब्रेक लागल्याचा आवाज आला की आमच्याकडं चहा सांडतो. दिवाळीपासून तीनदा गाड्या घासल्या, एकदा शाळेतल्या मावशींच्या पायाला लागलं.

म्हणून गतिरोधकासाठी अर्ज करायचं ठरलं. दत्ताच्या देवळात मीटिंग झाली, सगळे म्हणाले पाहिजेच. मग जागा ठरवायला रस्त्यावर आलो आणि तिथंच बिनसलं. ज्याच्या दारासमोर खडूनं रेघ मारली तो म्हणतो, जरा पुढं घ्या. रात्रभर धाडधाड कोण ऐकणार, भिंतीला तडे जातील, म्हातारीची झोप उडेल. पुढं घेता घेता रेघ शाळेच्या मैदानात गेली. शेवटी ४३ सह्या बाजूनं, १९ विरोधात.

त्यात दुसरं त्रांगडं. माझ्या घरासमोरच्या मोकळ्या प्लॉटवर मंगल कार्यालय येतंय असं कानावर आलंय. नकाशा मंजुरीला गेलाय म्हणे. लग्नसराईत तिथं काय होईल ते सांगायला नको.

तर प्रश्न दोन. गतिरोधक मंजूर कोण करतं? आणि शेजाऱ्याच्या नकाशावर आपल्याला हरकत घेता येते का?

खटक्यावर_बोट | सोमवार, रात्री ९.५२
अर्ज कशाला करताय? रात्री दोन पाट्या मुरूम, एक पोतं सिमेंट, चार पोरं. सकाळी गतिरोधक तयार. आमच्या गल्लीत असे तीन हायत. एकावर पोरांनी मंडळाचं नावबी लिवलंय.

रिक्षा_स्टँड | सोमवार, रात्री १०.०५
त्या तिन्ही ठिकाणी माझ्या रिक्षाचा मफलर घासलाय. मंडळाचं नाव कळलं, वर्गणी मागायला आलात की बिल दाखवतो.

सायकलवाली | सोमवार, रात्री १०.१८
चेष्टा बाजूला. माझ्या आत्या दुचाकीवर मागं बसल्या होत्या. रात्रीची वेळ, रंग नाही, फलक नाही, अचानक असला घरगुती डोंगर आला. आत्या हवेत आणि मग रस्त्यावर. मनगट मोडलं, दीड महिना प्लॅस्टर. वाहन हळू जावं म्हणून केलेल्या गोष्टीनं माणूस पडत असेल तर त्याला गतिरोधक कशाला म्हणायचं?

ओळंबा | सोमवार, रात्री ११.३०
रस्त्याच्या कामात उभी हयात गेली, आता निवृत्त आहे. जरा लांब लिहितो, कंटाळा आला तर पुढं जा.

गतिरोधकाचं माप ठरलेलं आहे. इंडियन रोड्स काँग्रेस, म्हणजे रस्त्यांची मानकं ठरवणारी संस्था, तिची ९९ नंबरची पुस्तिका त्यासाठीच आहे. गोल पाठीचा उंचवटा, मधोमध उंची १० सेंटिमीटर, रुंदी ३.७ मीटर, गोलाईची त्रिज्या १७ मीटर. ताशी २५ किलोमीटरनं गेलात तर पाठीला काही होत नाही, त्याहून जोरात गेलात तर गाडीच सांगते. आता ३.७ मीटर म्हणजे किती ते घरी टेप लावून बघा. बारा फूट. आपल्याकडं बहुतेक ठिकाणी दोन-तीन फुटांत तेवढीच किंवा जास्त उंची उरकलेली असते. गतिरोधक पालथ्या तव्यासारखा पाहिजे, आपण पालथं पातेलं ठेवतो. त्या पातेल्यावर हळू गेलं तरी दणका बसतो आणि जोरात गेलं तरी बसतो. मग पोरं म्हणतात, जोरातच जाऊ.

धाडधाड आवाजही त्या पातेल्याचाच. तव्यावरनं चाक चढतं आणि उतरतं, आदळत नाही. तुमच्या १९ जणांना हे समजावून सांगा, निम्मे इकडं येतील. शिवाय ४० मीटर अलीकडं सूचनेचा फलक आणि वर रंगाचे पट्टे पाहिजेत. नुसता मढ्याएवढा उंचवटा करून निघून जायचं नसतं.

मंजुरीचं म्हणाल तर आधी रस्ता कुणाचा ते बघा. मनपाचा असेल तर विभागीय कार्यालयात उपशहर अभियंत्यांच्या नावे अर्ज, प्रत शहर वाहतूक शाखेला, कारण पोलिसांचा अभिप्राय लागतो. रस्ता सार्वजनिक बांधकाम विभागाचा असेल तर अर्ज तिकडं. अर्ज आवकला टाकून शिक्का मारलेली प्रत घ्या. शिक्का नसलेला अर्ज म्हणजे बोललेलं वाक्य.

आणि एक विचारायचं राहिलं. ब्रेकचा आवाज नेमका कोपऱ्यावर येतो म्हणता. वळणाऱ्याला समोरचं दिसतं का? कोपऱ्यावरच्या प्लॉटची भिंत किती उंच आहे?

खटक्यावर_बोट | सोमवार, रात्री ११.४१
काका, तवा-पातेलं एक नंबर. आता भूक लागली.

तालीम_कट्टा | मंगळवार, सकाळी ७.१०
पेठेतला अनुभव सांगतो. आमच्या तालमीसमोर गतिरोधक झाला तेव्हा सगळ्यात आधी प्रश्न निघाला, गणपतीची ट्रॉली यावरनं जाईल का? मूर्ती एकवीस फुटी. वर विजेच्या तारा, खाली गतिरोधक, मध्ये बाप्पा. अनंत चतुर्दशीच्या आधी चार दिवस पहार घेऊन काढला आणि नंतर परत बसवायचं सगळेच विसरले. त्या जागी आता खड्डा आहे. वेग मात्र कमी झाला हे मान्य केलं पाहिजे.

दुधकट्टा | मंगळवार, सकाळी ७.२५
@तालीम_कट्टा खड्डा हाच खरा कोल्हापुरी गतिरोधक. निविदा नाही, अभिप्राय नाही, देखभाल आपोआप.

उसाची_मोळी | मंगळवार, सकाळी ८.४०
आमची बाजू कुणी मांडत न्हाई म्हणून लिहितोय. हंगामात ट्रॅक्टरला दोन ट्रॉल्या लावून ऊस कारखान्याला जातोय. पातेल्यासारख्या गतिरोधकावर पुढचं चाक चढतंय तवर मागची ट्रॉली हिसका देतीय. मोळ्या सुटत्यात, कवा कवा पिन तुटतीय. रात्री रस्त्यात पडलेल्या उसावरनं दुचाकी घसरली की नाव ट्रॅक्टरवाल्याचं. मागं रिफ्लेक्टर न्हाई ही आमच्यातल्या लई जणांची चूक हाय, कबूल. पर फलक न लावता रस्त्याच्या मधी उंचवटा घालणाऱ्याला कोण इचारणार?

काळा_कोट | मंगळवार, सकाळी ९.१५
@उसाची_मोळी विचारता येतं. मोटार वाहन कायद्यात २०१९ च्या दुरुस्तीनं कलम १९८-अ आलं. रस्त्याची रचना, बांधणी किंवा देखभाल ठरलेल्या सुरक्षा मानकांप्रमाणे नसल्यामुळं कुणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आलं, तर जबाबदार यंत्रणा, ठेकेदार, सल्लागार यांना एक लाखापर्यंत दंड. शिवाय ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयानं खड्ड्यांच्या प्रकरणात भरपाई ठरवून दिली. मृत्यू झाल्यास वारसांना ६ लाख, जखमींना ५० हजार ते अडीच लाख.

आता दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर, जे तुम्हाला आवडणार नाही. शहराची विकास योजना तयार होते तेव्हा हरकती-सूचना मागवतात. आरक्षण बदलायचं असेल, म्हणजे कलम ३७ चा फेरबदल, तेव्हाही मागवतात. पण एखाद्याच्या प्लॉटवरच्या साध्या बांधकाम परवान्यासाठी शेजाऱ्यांची जाहीर हरकत मागवायची पद्धत आपल्या एमआरटीपी म्हणजे महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना कायद्यात नाही. कलम ४४ खाली अर्ज, कलम ४५ खाली मंजुरी किंवा नकार. नियमात बसणारा अर्ज असेल आणि ६० दिवसांत कळवलं नाही तर मानीव परवानगी, म्हणजे मिळाली असंच धरायचं. शेजाऱ्याला कळतं ते जेसीबी आल्यावर.

म्हणून हरकत नव्हे, निवेदन द्या. प्रवेशद्वार कुठं, पार्किंग किती, गाड्या वळणार कुठं, एवढंच विचारा. 'मंगल कार्यालय नको' असं लिहिलंत तर फाईलमध्ये त्याची पुरचुंडी होईल.

रेडिंगकर | मंगळवार, दुपारी २.५०
मूळचा शाहूपुरीचा, आता इंग्लंडात. इथं कुणी घराला मागं खोली वाढवायचा अर्ज केला की शेजाऱ्यांना पत्र येतं, नाहीतर दारासमोरच्या दिव्याच्या खांबाला सूचना बांधतात. मत द्यायला २१ दिवस. अर्ज, नकाशे, लोकांची पत्रं, सगळं कौन्सिलच्या संकेतस्थळावर. रस्ते खात्याचा अभिप्रायही तिथंच वाचायला मिळतो. गेल्या वर्षी आमच्या रस्त्यावर एकानं पाळणाघरासाठी अर्ज केला तर ६० पत्रं गेली. निम्म्यांचं म्हणणं एकच, सकाळी गाड्या कुठं लावणार. आणि पत्रं लिहिणारे सगळे रोज सकाळी गाडी घेऊनच बाहेर पडतात.

वेगाचंही सांगतो. वेल्समध्ये सप्टेंबर २०२३ पासून वस्तीतल्या बहुतेक रस्त्यांवर ताशी २० मैल ही मूळ मर्यादा झाली. म्हणजे साधारण ३२ किलोमीटर. लोकांनी इतका आरडाओरडा केला की ऐकणाऱ्याला वाटावं राज्य गेलं. तेव्हा भांडण फक्त आपल्याकडंच होतं असं समजू नका.

खटक्यावर_बोट | मंगळवार, दुपारी ३.०२
खांबाला सूचना? आमच्या खांबावर आधीच दहा वाढदिवस, दोन दहावी-बारावीचे अभिनंदन आणि एक भाईंचा फोटो हाय. सूचना लावायला जागा कुठाय?

नकाशावाला | मंगळवार, सायंकाळी ६.२०
मी आर्किटेक्ट, त्यामुळं शिव्या खायची तयारी ठेवून लिहितो. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता बहुतेक महाराष्ट्राला यूडीसीपीआर ही बांधकामाची एकच नियमावली आहे. कुठल्या रुंदीच्या रस्त्यावर कुठला वापर चालतो, पार्किंग किती सोडायचं, हे सगळं त्यात लिहिलेलं आहे. कागदावर पार्किंग असतंच. भोगवटा प्रमाणपत्र मिळेपर्यंत तळमजला रिकामा, पट्टे मारलेले, बाण काढलेले, पाय ठेवायला भीती वाटावी इतका स्वच्छ. सहा महिन्यांनी या, तिथं गोदाम, जिम नाहीतर कापड दुकानाचा सेल. गाड्या रस्त्यावर. मग रस्ता अरुंद, मग अपघात, मग गतिरोधकाचा अर्ज. माझ्या मते निम्मे गतिरोधक हे बुजवलेल्या पार्किंगचं बिल आहे.

सायकलवाली | मंगळवार, सायंकाळी ६.४५
@नकाशावाला हे शंभर टक्के. पण तो नकाशा काढून देणाऱ्याला तिथं जिम होणार हे माहीत नसतं का?

नकाशावाला | मंगळवार, सायंकाळी ७.०५
कधी कधी असतं. म्हणूनच शिव्यांची तयारी ठेवली होती.

दुधकट्टा | मंगळवार, रात्री ८.१५
हे सगळं मनपा हद्दीतलं झालं. कोपऱ्यावरचे राव, तुमची कॉलनी हद्दीत आहे की बाहेर? आमच्याकडं रस्त्याचा डावा काठ मनपाचा, उजवा ग्रामपंचायतीचा. अर्ध्या रस्त्याला गतिरोधक झाला होता, खरं सांगतो. दुचाकीवाले बेरकी, सगळे उजव्या बाजूनं जायला लागले. आता रोज समोरासमोर.

ओळंबा | मंगळवार, रात्री ८.४०
हा हसण्यावारी न्यायचा विषय नाही. १९७२ ला नगरपालिकेची महापालिका झाली, हद्द मात्र वाढली नाही. शहर बाहेर पसरत गेलं. २०१७ ला ४२ गावांसाठी प्राधिकरण काढलं, तर तिथं बांधकाम परवान्याचं ऑफिस एक आणि रस्ता सांभाळणारा दुसरा. २०२० च्या नोव्हेंबरात सभागृहाची मुदत संपली, पुढची पाच वर्षं प्रशासक. गल्लीतल्या माणसानं नगरसेवकाच्या दारात जाऊन ओरडायचं तेही बंद झालं होतं. ओरडण्यानं काम होतं असं नाही, पण ओरडायला दार लागतं.

तालीम_कट्टा | मंगळवार, रात्री ९.००
ओरडण्याचं काय सांगता, सुमारे ५० किलोमीटर रस्त्यांच्या प्रकल्पापायी लावलेला टोल या शहरानं घालवलाय. टोलविरोधी आंदोलनाचे नेते एन. डी. पाटील सर उतारवयात रस्त्यावर उतरले होते. २०१४ च्या जानेवारीत नाके पेटले ते अख्ख्या देशानं बघितलं. तेच आम्ही आज एका गतिरोधकासाठी दारं बदलतोय.

काळा_कोट | मंगळवार, रात्री ९.२०
टोलविरुद्ध सगळे एका बाजूला होते. गतिरोधकाला दोन बाजू असतात, चढायची आणि उतरायची.

रिक्षा_स्टँड | मंगळवार, रात्री ९.३३
दसऱ्याला महाराजांची मेबॅक गाडी दसरा चौकात येते. ती आमच्या गल्लीत कधी आली नाही हे बरंय. पहिल्याच गतिरोधकावर अडकली असती आणि सीमोल्लंघन तिथंच झालं असतं.

संचालक | मंगळवार, रात्री ९.५०
टोल, मेबॅक आणि मिसळ यांसाठी वेगळे धागे आहेत. मूळ विषयावर या.

खटक्यावर_बोट | मंगळवार, रात्री ९.५२
मिसळीचं नाव अजून कुणी काढलंच नव्हतं, साहेब. तुम्हीच काढलं.

सायकलवाली | बुधवार, सकाळी ८.००
मूळ विषय. ओळंबाकाकांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, कोपऱ्यावरची भिंत किती उंच. त्याचं उत्तर आलेलं नाही. @कोपऱ्यावरचा, कुठं आहात?

नकाशावाला | बुधवार, सकाळी ९.३०
तो प्रश्न चांगला होता, म्हणून नियमच सांगतो. कोपऱ्यावरच्या प्लॉटला दोन्ही रस्त्यांच्या बाजूनं कोपऱ्यापासून १० मीटरपर्यंत कुंपणाची भिंत पाऊण मीटरच ठेवायची. वर पाहिजे असेल तर आणखी पाऊण मीटर, पण जाळी किंवा गज, आरपार दिसेल असं. कारण साधं आहे. वळणाऱ्याला आडव्या रस्त्यावरचं पोरगं दिसलं पाहिजे. नियम जुन्या नियमावल्यांतही होता. पाळलेला मात्र मी फार कमी ठिकाणी बघितलाय, कारण भिंत म्हटली की माणसाला किल्लाच आठवतो.

ओळंबा | बुधवार, सकाळी १०.१०
बरोबर. गतिरोधकानं वेग कमी होईल, पण जे दिसतच नाही त्याच्यासाठी माणूस थांबणार कसा? सायबर चौकातला जून २०२४ चा अपघात आठवा, भरधाव मोटारीनं दुचाकीवाल्यांना उडवलं तो, ते सीसीटीव्ही बघितल्यावर मला दोन दिवस जेवण गेलं नव्हतं. मोठ्या चौकांवर निदान चर्चा होते. कॉलनीच्या कोपऱ्यांकडं कुणी बघत नाही.

कोपऱ्यावरचा | बुधवार, रात्री १०.४५
मी इथंच आहे. दोन दिवस वाचत होतो. उत्तर द्यायला तोंड नव्हतं.

भिंत आमचीच आहे. १९९६ ला वडिलांनी बांधली, पावणेसहा फूट. वर बोगनवेल, तिचं ओझं रस्त्यावर आलंय. चोरांच्या भीतीनं आतनं पत्रे लावलेत. काल संध्याकाळी शाळा सुटायच्या वेळेला मुलाची स्कूटर घेऊन मी स्वतः वळून बघितलं. गाडीचं पुढचं चाक रस्त्यात येईपर्यंत मला आडव्या रस्त्यावरचं काही दिसत नाही. एक मुलगी पाण्याची बाटली फिरवत चालली होती. माझा वेग दहाचा होता म्हणून ठीक. तीस वर्षं या घरात राहतोय, पण त्या बाजूनं कधी बघितलंच नव्हतं, आम्ही नेहमी गच्चीतनं बघतो.

मीटिंगमध्ये सगळ्यात मोठ्यांदा मी बोललो होतो, हेही सांगून टाकतो.

आज सकाळी विरोधातल्या १९ पैकी चार जणांना घेऊन टेप लावला. शेजारच्या कॉलनीतला गतिरोधक मोजला, उंची १६ सेंटिमीटर, रुंदी पाऊण मीटर. काकांचं पातेलं हेच. ३.७ मीटरचा तवा रस्त्यावर खडूनं आखून दाखवला तेव्हा दोघांनी सही दिली. तिसरे म्हणाले, आधी तुझी भिंत बघ. चौथे काही बोलले नाहीत, नुसतं भिंतीकडं बघत उभे राहिले. ते जास्त लागलं.

मंगल कार्यालयाचं निवेदनही तयार केलंय. एकच मागणी, प्रवेशद्वार आमच्या कोपऱ्यावर नको, मागच्या १२ मीटर रस्त्यावर द्या. प्लॉटमालक भेटले. माणूस बरा आहे. म्हणाले, तुमच्या भिंतीमुळं माझ्या गेटमधनं निघणाऱ्या गाडीलाही काही दिसणार नाही, मी तेच सांगायला येणार होतो.

काळा_कोट | बुधवार, रात्री ११.००
निवेदनासोबत माहिती अधिकारात मंजूर नकाशाची प्रतही मागा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, ३० दिवस. उद्या तळमजल्यावर पार्किंग बुजलं तर दाखवायला हातात कागद पाहिजे.

उसाची_मोळी | गुरुवार, सकाळी ६.५०
कोपऱ्यावरचे, मानलं तुमाला. भिंत आपली हाय म्हणून कोण सांगत न्हाई. पाडायला ट्रॅक्टर लागला तर सांगा, डिझेलच्या पैशात येतो.

रेडिंगकर | गुरुवार, दुपारी ३.१५
नियम इथंही आहे बरं का. रस्त्याकडेच्या कुंपणाला एक मीटरच्या वर जायचं तर परवानगी लागते. माझ्या शेजाऱ्यानं वरच्या बाजूला वेल लावून पळवाट काढली. बोगनवेल सगळीकडंच निघते.

कोपऱ्यावरचा | शुक्रवार, रात्री ९.१०
अर्ज आवकला गेला, ५१ सह्या, शिक्क्याची प्रत माझ्याकडं. भिंतीच्या वरच्या पत्र्यांचे स्क्रू काढले. गवंडी रविवारी येतोय, पाऊण मीटरवर खूण केलीय, वर गज बसवायचे. अडलंय ते बोगनवेलीवर. ती आईनं लावलेली. सकाळी अर्ज केला, आई काही बोलली नाही, पाणी घालायला निघून गेली. ६० दिवसांत उत्तर आलं नाही तर मानीव परवानगी समजायची का?

काळा_कोट | शुक्रवार, रात्री ९.१४
आईला कलम ४५ लागू होत नाही.

ओळंबा | शुक्रवार, रात्री ९.३०
मुळापासनं काढू नका. छाटून गजांच्या आतल्या बाजूनं आडवी बांधा, गुडघ्याच्या वर जाऊ द्यायची नाही. रविवारी येतो मी, कात्री माझी.